ओटीपी भाऊरायाच्या फोनवर

४ मार्च

सुईबाई,

पोचले, जेवले, झोपले आणि आज कामावरही जाऊन आले. फोनवर तुला एवढं कळलंच आहे. पण तुझा नवरा, म्हणजे माझा भाऊराया, स्पीकर लावून मध्ये बसतो, मग आपल्या दोघींच्या वाट्याला नुसतं "बरं आहे ना, बरं आहे" एवढंच उरतं. म्हणून हे दुकानाच्या ईमेलवर लिहितेय. तिथे फक्त गिऱ्हाइकांची मापं येतात, त्यामुळे तुझ्याशिवाय ते कोणी उघडत नाही.

खोली एका लॉन्ड्रीच्या वर आहे. खालची यंत्रं चालू झाली की पलंग थोडा थरथरतो. नाटकगृहाचा कपडेपट तळघरात आहे, आणि तिथलं बेतायचं टेबल बघून मला तर भरून आलं. आपल्या दुकानात त्यावर दोन मशिनं, इस्त्री आणि आपण दोघी मावलो असतो! मोठ्या बाई, म्हणजे कपडेपटाच्या मुख्य, फार बोलत नाहीत. त्यांनी पहिल्याच दिवशी मखमल समोर टाकली आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, बघा बाई, बघा. तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडासमोर कापड कापलंय मी. कातर चालवली. त्या मान हलवून निघून गेल्या.

आता खरी गंमत ऐक. इथे रोख पैसे कोणी हातात धरत नाही. दुकानात, बसमध्ये, पाण्याच्या बाटलीलासुद्धा फोन दाखवायचा. मी घरून बदलून आणलेल्या नोटा दाखवल्या, तर काउंटरवरची पोरगी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिला बसचं जुनं तिकीट देतेय. बँकेत खातं म्हणावं तर त्याला राहण्याचा परवाना लागतो, आणि तो हातात यायला तीन महिने. शेवटी आमच्या कपडेपटातली ओव्हरलॉकवाली, म्हणजे कडा शिवायच्या मशीनवरची, मदतीला आली. तीही परदेशीच. तिने माझ्या फोनवर वॉलेट उघडून दिलं. पासपोर्टचा फोटो, माझा फोटो, इथला नंबर, झालं! खात्याची गरज नाही. त्याला आपलं घरचं कार्ड जोडायचं, वॉलेटमध्ये पैसे भरायचे, की फोन दाखवून खुशाल खरेदी.

पण कार्डावरून पैसे भरताना ओटीपी येतो. आणि आपल्या खात्याला नंबर कोणाचा? भाऊरायाचा!

काल मी टोपलीत ब्रेड, अंडी, साबण घेऊन रांगेत उभी. वॉलेट रिकामं. पैसे भरायला गेले तर ओटीपी मागितला. भाऊरायाला फोन केला. तो सलूनमध्ये, तोंडाला फेस. "ताई, मेसेज आलाय गं, पण चष्मा काढलाय." मग सलूनवाल्याने आकडे वाचले. एक आकडा खाल्ला. परत मागवला, तोवर वेळ संपली. माझ्यामागे सात-आठ माणसं. टोपली ठेवून बाहेर आले.

तर आता हे तू अंगावर घे. माझा फोन येईल तेव्हा त्याचा फोन तुझ्या हातात असू दे. पुरुषमाणसाच्या दाढीवर माझं जेवण अवलंबून नको.

तुझी,
ताई


१६ मार्च

ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग मापांच्या ढिगात ठेवून दिलं.

फोनचं मी बघतेय. तुमच्या संध्याकाळच्या वेळी मी यांचा फोन "चार्जिंगला लावते" म्हणून स्वयंपाकघरात घेऊन जाते. आता आकडे चुकणार नाहीत. पण दुसरी एक कटकट झालीय. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम येते, आणि ती हे रात्री जेवताना मोठ्याने वाचतात, अगदी बातम्या दिल्यासारखं. "आज ताईने इतके भरले. कशाला बरं?" मग त्यावर चर्चा. परवा रक्कम मोठी होती तर म्हणाले, "तिथे जाऊन ताई उधळी झाली की काय?" मी म्हटलं, बूट घेतले असतील, तळघरात फरशी गार असणार. तुम्ही काय घेतलंत ते मला खरंच माहीत नाही, पण बूट घेतले नसतील तर घ्या. मी सांगून बसलेय.

यांच्या डोक्यात आता सोडा भरायचं मशीन आलंय. मसाजच्या खुर्च्यांच्या धंद्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. उरलेली एक हॉलमध्येच आहे, मी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. माणूस वाईट नाही, ताई, तुमचाच भाऊ आहे. पण तुमचा पगार खात्यात येण्याआधीच त्याला पाय फुटलेले असतात.

दुकान चालू आहे. तुम्ही नाही म्हणून नवीन कापड बेतायला घेत नाही, फक्त दुरुस्ती आणि हातशिलाई. मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी कोटाची काजं माझ्याकडून करून घेतली. इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, "हे पैसे दुकानाचे नकोत, तुमचे म्हणून घ्या. तुमच्या फोनवर पाठवते." मी हसून विषय बदलला. माझ्या फोनवर कुठे पाठवणार? त्याला खातं लागतं. तुम्हाला तिथे खातं नाही, ते समजू शकतं, तुम्ही परक्या. मला तर इथेही नाही. त्या पैशांची टुंगसुद्धा यांच्याच फोनवर वाजली.

हे तक्रार म्हणून लिहिलं नाही. लिहिता लिहिता आलं.

सुई


२१ एप्रिल

सुईबाई,

बूट घेतले. तू सांगून बसलीस म्हणून तुला खोटं पाडायला नको.

महिनाभर लिहिलं नाही, कारण नवं नाटक उभं राहत होतं आणि आम्ही तळघरात अक्षरशः राहायलाच होतो. पगार करारानुसार घरच्या खात्यात जातो. पण जादा कामाचे पैसे आणि रोजचा भत्ता इथल्या इथे वॉलेटमध्ये देतात. शनिवारी हिशेबनीस फोन घेऊन येतो, प्रत्येकीच्या फोनवरचा क्यूआरचा चौकोन स्कॅन करतो, पैसे जमा. ओटीपी नाही, सलून नाही, बातम्या नाहीत. गेले कित्येक दिवस मी घरच्या कार्डाला हातच लावलेला नाही. काउंटरवर फोन असा दाखवते की तू बघशील तर म्हणशील ही बाई इथेच जन्मली! परवा रांगेत एक नवा आलेला गृहस्थ नोटा हातात घेऊन घाम पुसत होता. त्याला बाजूला घेऊन वॉलेट उघडून दिलं. ओव्हरलॉकवाली लांबून बघत होती. म्हणाली, आता तू माझं गिऱ्हाईक पळवतेस.

भाऊरायाला एक मात्र सांगून ठेव. वॉलेटमध्ये पैसे येतात, इथे खर्च होतात, पण तिकडे पाठवता येत नाहीत. माझं इथे खातंच नाही ना. तेव्हा जादा कामाच्या पैशांवर त्याने डोळा ठेवू नये. अडकलेत ते, अडकू देत.

आणि एक काम कर. जाड लोकरी कापडावर, सुतीवर आणि रेशमावर, तिन्हीवर तुझी हाताची काजं कर, रोजच्यासारखीच. बाजूला थोडी तुरपाई. पार्सलने पाठव. एका कोटासाठी मोठ्या बाईंना नमुना दाखवायचाय.

ताई


६ मे

ताईंना नमस्कार,

आधी खरं सांगा, जेवता ना? यांच्या फोनवर तुमचा एकही मेसेज येत नाही, आणि हे चार माणसांत सांगतात की बहिणीने तिकडे कडक उपास धरलेत. वॉलेटमध्ये भत्ता येतो हे मी सांगितलं, पण यांना पटत नाही. दिसत नाही ते पैसे यांना पैसेच वाटत नाहीत. मलाही तुम्ही "जेवले" असं लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून विचारते. मला फार काळजी लागलीय.

नमुने पाठवलेत. लोकरीवरची काजं मनासारखी झाली. रेशमावरचं तिसरं काज उसवून परत केलं, ते ओळखू यायचं नाही, पण तुम्ही ओळखाल. तिथे एवढा मोठा कपडेपट असून काज करणारी मिळत नाही का? की तुम्हाला आपल्या हातचं काहीतरी जवळ हवंय? तसं असेल तर सरळ सांगा, मी उशीची खोळ शिवून पाठवते.

आता वाईट बातमी. यांनी कुठूनतरी शोधून काढलंय की परवाना मिळाला की तुम्हाला तिथे बँकेत खातं उघडता येतं, आणि मग वॉलेटमधले पैसे खात्यात आणि खात्यातून इकडे. "जूनमध्ये ताईचे पैसे सुटतात" असं म्हणून सोडा मशीनचा बयाणाही देऊन आले! मला विचारलं नाही, सांगितलं. जेवायला बसल्यावर, मीठ दे म्हणतात तसं.

त्या दिवशी मला फार राग आला. वीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांना काजं करतेय. त्यातलं एकही काज माझ्या पैशाचं नाही. असं मी कधी बोलले नव्हते, तुमच्याशीसुद्धा नाही. तुम्ही गेलात तेव्हा मला वाटलं होतं की दुकानात मला मोकळीक मिळेल. तसं झालं नाही, फक्त तुमची जागा रिकामी झाली. मलाही कुठेतरी जाऊन माझ्या हाताचे पैसे माझ्या हातात घ्यायचेत, एकदा तरी. बस, लिहिलं.

सुई


२० मे

सुईबाई,

जेवले. रोज जेवते. वजन वाढलंय, बूटही आता घट्ट होतात की काय असं वाटतं.

या पत्राचे दोन भाग आहेत. पहिला भाऊरायाला वाचून दाखव. दुसरा तुझा.

*भाऊरायाला वाचून दाखवायचा भाग.* भाऊराया, तू माहिती काढलीस ती चांगली, पण अर्धवट आहे. माझा परवाना तात्पुरत्या कामाचा. असल्या परवान्यावर बँक दारात उभं करत नाही. मी स्वतः जाऊन विचारून आले. तिथल्या साहेबांनी अगदी हात जोडून नाही म्हटलं. वॉलेटमधले पैसे इथेच राहणार. बयाणा परत माग आणि मशीनवाल्याला माझा नमस्कार सांग. तुझी ताई.

*आता तुझा भाग.* वर लिहिलंय ते धादांत खोटं. परवाना ठरल्याआधीच आला, आणि त्याच दिवशी हिशेबनिसाने बँकेत खातं उघडायचा अर्ज माझ्या टेबलावर आणून ठेवला. सह्या केल्या असत्या तर आठवड्यात खातं झालं असतं. मी अर्ज परत दिला. म्हटलं, माझं वॉलेट बरं आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझे पैसे अशा जागी आहेत की जिथे भाऊरायाचा हात पोचत नाही. ते काढून त्याच्या सोड्यात ओतू?

आता ऐक. तुझे नमुने मोठ्या बाईंनी खिडकीपाशी नेले. भिंगातून बघितले, उलटे करून बघितले. ही बाई कधी माझ्या कामाला "छान" म्हणाली नाही, तुझ्या काजाला म्हणाली! रेशमावरचं तिसरं मी ओळखलं, त्यांनी नाही ओळखलं. ऑगस्टपासून मोठा हंगाम आहे, आणि त्यांना हातशिलाईला माणूस हवंय, नोव्हेंबरपर्यंत. परवान्याचं पत्र त्या देतात. राहायचं माझ्याबरोबर. तिकीट आपलं आपण काढायचं. तेही वॉलेटमधूनच काढता येतं, मी ॲपवर बघितलंय. पैसे तिकडे येऊ शकत नाहीत ना? मग तू इकडे ये! पासपोर्ट तुझा आहेच, माझा काढताना सोबत म्हणून तूही अर्ज भरला होतास, तेव्हा आपण दोघी किती हसलो होतो.

मी मोठ्या बाईंना होकार कळवून टाकलाय. तू फक्त बॅग भर. भाऊरायाला काय सांगायचं ते मी ठरवते, तू काळजी करू नकोस.

ताई


९ जून

ताईंना नमस्कार,

मी तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. दोन्ही भाग.

तुम्ही कपाळावर हात मारून घेतला असेल. घ्या. पण पहिला भाग वाचताना "हात जोडून नाही म्हटलं" इथे आले आणि माझं मलाच हसू फुटलं. कुठला बँकेचा साहेब हात जोडतो? हे म्हणाले, काय झालं? मग मी सगळंच वाचलं, सोड्यापासून बॅगेपर्यंत.

यांनी खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर ठेवले आणि खुर्चीत जाऊन बसले. मसाज चालू केला नाही. मी माझं काम करत राहिले. मग म्हणाले, "माझ्या बहिणीला माझ्यापासून पैसे लपवावे लागतात?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "आणि तुला?" मी म्हटलं, माझ्याकडे लपवायला कधी काही नव्हतंच. हे मी रागाने म्हटलं नाही, खरंच शांतपणे म्हटलं. मग यांनी विचारलं, "तुला जायचंय का?"

ताई, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हा प्रश्न यांनी पहिल्यांदा विचारला. आणि मला त्यांचा नाही, तुमचा राग आला! पैशाचं काय करायचं हे ते ठरवतात आणि मला कुठे न्यायचं हे तुम्ही. मोठ्या बाईंना होकार देऊन मोकळ्या. बॅग भर म्हणे! तुम्हाला माझ्या काजाची एवढी खात्री, मग मला विचारायला काय झालं होतं? तुम्ही माझ्या भल्याचंच करता, मला कळतं. हेही माझ्या भल्याचंच करत होते, त्यांच्या मते.

दुसऱ्या दिवशी मी दोन कामं केली. स्वतःच्या नावावर नवं सिम घेतलं, नंबर खाली लिहिलाय. आणि डॉक्टरीणबाईंना सोबत घेऊन बँकेत गेले, माझं खातं उघडायला. अर्जात "नंबर कोणाचा" या रकान्यात माझा नंबर लिहिला आणि आकडे परत एकदा मोजून बघितले.

तुम्ही नीट विचारलंत तर उत्तर देईन.

सुई


१३ जून

सुईबाई,

चुकलं.

येतेस का?

ताई


१४ जून

येते. तिकिटाचे पैसे नोव्हेंबरपर्यंत तुम्हाला फेडणार, तुमच्या वॉलेटमध्ये. आत्तापासून बोलून ठेवते, तिथे आल्यावर कुरकुर चालणार नाही.

सुई


१२ सप्टेंबर

अहो,

ताई शेजारच्या पलंगावर पाय पसरून बसल्यात आणि "काय लिहितेस, काय लिहितेस" करतायत. त्यांना दाखवणार नाही. हे पत्र तुम्हाला आहे, आणि पहिल्यांदाच मी तुम्हाला पत्र लिहितेय, तेव्हा स्पीकर लावू नका.

तुमचं पत्र मिळालं. दुकान रोज उघडता, गिऱ्हाइकांना "दोघी नोव्हेंबरात येतील" म्हणून सांगता, आणि डॉक्टरीणबाईंच्या मुलीचा फ्रॉक तुम्ही स्वतः उसवून वाढवून दिलात, हे वाचून मी तळघरात सगळ्यांना सांगत सुटले. ओव्हरलॉकवालीचा विश्वास बसला नाही. शिलाई वाकडी आली असेल तर आल्यावर बघते. बयाणा परत मागितलात हेही वाचलं. तुम्हाला ते किती जड गेलं असेल मला कळतं.

काम छान चाललंय. मी राजाच्या अंगरख्याची काजं केली. तो अंगरखा रंगमंचावर दिव्यांखाली आला तेव्हा मागच्या रांगेत उभी राहून मी राजाकडे बघितलंच नाही, नुसती बटणं बघत होते. मोठ्या बाई माझ्याकडे बघून किंचित हसल्या. ताई म्हणतात तो सत्काराच्या शालीएवढा मान आहे.

आता तुम्ही विचारलंत त्याबद्दल. "ताई म्हणते वॉलेटमधून पैसे येत नाहीत, तुझंही तसंच का?" असं तुम्ही लिहिलंत. अगदी सरळ विचारलंत, म्हणून सरळ सांगते. माझंही इथे बँकेत खातं नाही, ताईंसारखं वॉलेटच आहे. शनिवारी हिशेबनीस माझा चौकोन स्कॅन करतो आणि माझा फोन वाजतो. पहिल्या शनिवारी तो वाजला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले, ते ताईंना माहीत नाही.

ताईंना असं वाटतं की वॉलेटमधले पैसे बाहेर जातच नाहीत. त्यांनी कधी नीट बघितलं नाही, त्यांना तसं वाटून घेणं सोयीचं होतं. मी पहिल्याच आठवड्यात ॲप उघडून एकेक बटण दाबून बघितलं. पासपोर्ट आणि मोठ्या बाईंनी दिलेलं परवान्याचं पत्र, दोन्ही पडताळून घेतली की परदेशात पाठवायची सोय चालू होते, खातं नसलं तरी. मी ती चालू करून घेतली. तुमच्या नंबरावर दोन मिनिटांत पैसे येऊ शकतात.

मी पाठवणार नाही.

हे मी तुम्हाला खोटं सांगू शकले असते, ताईंसारखं. पण मग तुम्ही ॲपवर रागावला असता, आणि तो राग ज्याचा त्याला मिळायला हवा. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, मला चालेल. तिकिटाचे पैसे फेडून उरतात ते माझे आहेत. त्यांचं काय करायचं असं परवा ताईंनी विचारलं, काल ओव्हरलॉकवालीने विचारलं, आणि आता तुम्हीही विचाराल. मी अजून ठरवलेलं नाही. वेळ लागेल. मला ठरवायची सवय नाही.

तुमची,
सुई